पडद्याकडे पाठ

माझी चित्रपट्टी गेम खेळणाऱ्या पोरांवर आहे, पण तिच्यात गेम कुठेच दिसत नाही. फोन दिसतो तो पाठीमागून. काळा चौकोन, कॅमेऱ्याचे ठिपके, कडेला फुटलेलं कव्हर, क्वचित त्यावर गणपतीचा स्टिकर. समोर काय चाललंय, कोण मेलं, कोण वाचलं, हे खेळणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. इन्स्टाग्रामवर पट्टी टाकायला लागलो तेव्हापासूनचा हा नियम. गेमवरच्या पट्टीत गेम का नाही, असं विचारणारे भेटत राहिले आणि त्यांना उत्तरं देता देता या कामाबद्दल माझं मलाच बरंच कळत गेलं.

पहिलं कारण अगदी कारागिराचं. ज्या गेमवर शेकडो चित्रकारांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्याची हालचाल नसलेली, मुकी नक्कल चार चौकटींत करून मला काय मिळणार? दुसरं कारण घरातलं. पट्टी सगळ्यांत आधी वाचते ती आई. ती दुपारी कँडी क्रश खेळते, पण त्याला गेम म्हणत नाही. तिच्या लेखी गेम म्हणजे ज्याच्यापायी पोरं बिघडतात ते. बंदुकांची नावं आणि नकाशातली गावं तिला ठाऊक नाहीत. जेवणाचं ताट पुढ्यात ठेवल्यावर ‘दोन मिनिटं’ म्हणणाऱ्या मुलाचं तोंड मात्र तिला पाठ आहे. तिला हसू आलं की पट्टी जमली असं मी समजतो. तिसरं कारण उमगायला वेळ लागला, त्याच्याकडे येतो.

वेबकॉमिक आणि गेम ही जोडी जुनी आहे. १९९८ साली अमेरिकेत जेरी हॉल्किन्स आणि माइक क्रॅहुलिक या दोघांनी ‘पेनी आर्केड’ सुरू केलं. एक लिहायचा, दुसरा काढायचा. त्याच वर्षी स्कॉट कर्ट्झचं ‘पीव्हीपी’ आलं, ते गेमविषयक मासिकाच्या कचेरीत घडायचं. पणजीला आर्ट कॉलेजात असताना मी ही दोन्ही कॉमिक्स मागून पुढून वाचून काढली. विनोद अर्धे कळत नव्हते, कारण ते गेम मी पाहिलेच नव्हते. तरी मजा यायची. दोन मित्र, समोर टीव्ही, आणि एकाने दुसऱ्याची लाज काढायची. निमित्त गेमचं, गोष्ट दोस्तीची. त्या चौकटींच्या आधारावर हॉल्किन्स आणि क्रॅहुलिक यांनी पुढे २००३ मध्ये इस्पितळातल्या मुलांना खेळणी आणि गेम पोचवणारी ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था उभी केली आणि २००४ मध्ये गेमवाल्यांचा मेळावा भरवला. विनोदी पट्टीभोवती एवढं गोत जमू शकतं, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

आपल्याकडे रोजची पट्टी म्हणजे ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली ‘सकाळ’मध्ये तो आणला आणि मराठी घरांत चहाबरोबर पट्टी वाचायची सवय लागली. चिंटूचं जग अंगण, शाळा आणि सोसायटीचं. माझ्या डोक्यात होतं ते या दोन्हींच्या मधलं काहीतरी: पेनी आर्केडसारखी गेमवरची बडबड, पण आमच्या गोव्यातल्या पेडण्यातली.

पेडण्यात ती बडबड सोफ्यावर होत नाही. आमच्या घरी सोफा होता, पण तो पाहुण्यांचा. म्हापशाच्या बाजारातून आलेल्या चिनी डब्याला जोडलेले दोन रिमोट घेऊन आम्ही जमिनीवर बसायचो. निन्टेन्डोची नक्कल होती ती, पण नाव कुणाला माहीत! गेमच्या डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो. कॅसेटवर हजारो गेम छापलेले, आत तेच पाच-सहा फिरून फिरून. ‘कॉन्ट्रा’त दोघे खेळायचे आणि मागे वाड्यावरची सगळी पोरं बसायची. बघणाऱ्याला अधिकार मोठा. ‘उडी मार, उडी मार’ म्हणून ओरडायचं, चुकलं की शिव्या घालायच्या, आणि आपला नंबर येईपर्यंत खेळणाऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसायचं. पुढे म्हापशाच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलो, तिथेही प्रत्येक खुर्चीमागे दोघे-तिघे उभे. मग फोन आले. फोन म्हणजे ज्याचा त्याने एकट्याने खेळायचा, असं वाटलं होतं. पण गावच्या साकवाच्या कठड्यावर संध्याकाळी चार फोन पेटले की भोवती दहा-बारा डोकी वाकलेली असतात. त्यांतल्या निम्म्यांकडे त्या गेमला पुरेल असा फोन नसतो, उरलेल्यांचा डेटा संपलेला असतो.

खेळणारा थोडा आणि बघणारा फार, ही आमच्याकडची जुनी रीत. दशावतारी काला ज्याने देवळाच्या मांडवात रात्रभर बसून पाहिला आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आधी आडदशावतार: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती मोरावर बसून येते, मग काळ्या वेषातला संकासूर आपल्या बोलीत सगळ्यांची टर उडवतो. त्यानंतर मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कुणी कुठलं सोंग घ्यायचं, कुठपर्यंत कथा न्यायची हे ठरतं, बाकी संवाद नट उभ्या उभ्या रचतात. कोण जिंकणार हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात, कारण बघायचं असतं ते कसं जिंकतात ते.

लहानपणी आम्ही पोरं आख्यानाच्या मध्यावर आडवी व्हायचो आणि शेजारच्याला बजावून ठेवायचो, युद्ध आलं की उठव. आज गेममधली गोष्ट सांगणारं दृश्य लागलं की बटण दाबून ते गाळून टाकणारी पोरं बघतो तेव्हा मला त्यात काही नवं दिसत नाही. आम्हीही सरळ लढाईवरच यायचो. फरक एवढाच की आम्हाला उठवणारा माणूस लागायचा.

काल्यातल्या त्या युद्धाने मला चौकट शिकवली. तलवार चालण्याआधी बोलाचाली होते. दोघे एकमेकांना डिवचतात, पखवाज चढत जातो, आणि वार करण्याच्या आधी नट क्षणभर थांबतो. एक पाय पुढे, मान किंचित मागे, डोळे विस्फारलेले. मांडवातल्या शेवटच्या माणसालाही आता काय होणार ते त्या थांबण्यातून कळतं. वार काढला तर चित्र मेलेलं दिसतं. वाराच्या आधीचं थांबणं काढलं तर ते हलतं. माझ्या पट्टीत गोळी सुटण्याआधी अंगठा फोनवर अधांतरी थबकलेला असतो आणि पोराचं तोंड उघडं राहिलेलं असतं, ते दशावतारातून उचललेलं आहे. कॉलेजात मॉडेल समोर बसवून अंगरचना शिकलो, पण अंग ताणायचं कधी आणि सोडायचं कधी हे मांडवात शिकलो.

पुढच्या चौकटीवर जाताना वाचणाऱ्याला बोट सरकवावं लागतं, हे तर वेबकॉमिकचं वरदानच. कागदावरच्या पट्टीत डोळा चोरून शेवटची चौकट आधी बघतो. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये अनेक चित्रं एकामागे एक लावता येतात. पूर्वी ती दहा होती, २०२४ पासून वीस. प्रत्येक चौकट वेगळं चित्र म्हणून टाकली की पुढचं लपलेलं राहतं. थबकलेला अंगठा एका चित्रात, आणि ‘लायट गेली!’ पुढच्या चित्रात. वाचणाऱ्याचं बोट हाच माझा पखवाज.

अक्षरांनी मात्र घाम काढला. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते आणि फुगा फुगत जातो. चौकट मुळात फोनवर तळहाताएवढी, त्यात निम्मा फुगा. शेवटी ठरवलं की एका फुग्यात एका श्वासात बोलता येईल तेवढंच लिहायचं. सुरुवातीला मुंबईच्या ‘एक टाइप’चा फुकट मिळणारा ‘बलू’ हा गुबगुबीत टंक वापरला, आता हातानेच लिहितो. ओरडणं, पुटपुटणं, रडकुंडीला येणं हातच्या अक्षरात उतरतं. कडेची माहिती मराठीत आणि फुग्यांतलं बोलणं पेडण्याच्या बोलीत, अशी वाटणी आहे. आमच्या घरांत बोलतात एक आणि वाचतात दुसरं, पट्टीत दोन्ही शेजारी बसतात. ‘नेटवर्क खंय आसा?’ हा माझ्या पट्टीतला सर्वाधिक वेळा आलेला संवाद आहे आणि तो पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पट्टीला खरा नायक मिळाला तो डिचोलीत, खाणींच्या भागात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. बरोबर तीन दिवसांनी, १९ मार्चला, पबजी मोबाइल जगभर उतरला. या दोन तारखा मी पुष्कळ नंतर जुळवून पाहिल्या. एकीमुळे दुसरी घडली असं मुळीच म्हणायचं नाही. पण त्या पावसाळ्यात कामानिमित्त डिचोलीला जायचो तेव्हा दिसायचं ते असं: लाल धुळीने रंगलेले टिपर घरांच्या अंगणात ताडपत्री ओढून उभे, त्यांच्या चाकांतून गवत वर आलेलं, आणि केबिनमध्ये पाय दारावर टाकून बसलेला तरुण फोनमध्ये गुंग. २०१२ मध्ये खाणी एकदा बंद झाल्या तेव्हाही टिपर असेच उभे राहिले होते, पण तेव्हा एवढ्या स्वस्तात दिवसभराचा डेटा कुणाच्या हाती नव्हता.

अशाच एका टिपरवाल्याशी ओळख झाली. तो पबजी खेळत नव्हता, ट्रक चालवायचा गेम खेळत होता. बँकेचा हप्ता थकलेला, गाडी अंगणात, आणि हा फोनवर माल भरून घाट उतरतोय. मी चकित होऊन बघत राहिलो, तर त्याने शांतपणे सांगितलं की हातपाय विसरायला नकोत. गाडी फार दिवस उभी राहिली की काय काय बिघडतं ते त्याने मला सविस्तर समजावलं: टायर एका जागी बसतात, डिझेलच्या नळ्या धरतात, आणि बॅटरी मरू नये म्हणून ती काढून घरात आणून ठेवावी लागते. तिथून निघालो तेव्हा पट्टी डोक्यात तयार होती. टिपरची बॅटरी घराच्या पडवीत, तिला जोडलेला चार्जर, चार्जरला फोन, आणि फोनवर धावणारा ट्रक. आई विचारते, ‘गाडी सुरू झाली?’ तो म्हणतो, ‘झाली गो.’ ट्रक अर्थातच चित्रात नाही, फोनची पाठ तेवढी आहे. ती पट्टी ज्यांनी गेम कधी हातात धरला नाही अशा माणसांनी सगळ्यांत जास्त एकमेकांना पाठवली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये गोव्याचे तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी हा घराघरांतला राक्षस झाल्याचं म्हटलं आणि त्याला आवर घालणाऱ्या कायद्याची गरज बोलून दाखवली. आयांना ते पटलं, पोरांनी हसण्यावारी नेलं. मला दोघांचंही खरं वाटत होतं. रात्र रात्र जागून परीक्षेत आपटलेली मुलं मी पाहिली आहेत. त्याच मुलांना दिवसभर करायला दुसरं काय होतं हेही पाहिलं आहे. आणि राक्षसांची आमच्या तालुक्याला सवय आहे. पेडण्याच्या पुनवेच्या जत्रेला भुतं उतरवायला माणसं लांबून येतात, आणि त्याच गर्दीत खाज्याची दुकानंही लागतात.

माझा प्रश्न वेगळा होता. जत्रेत कोपऱ्यात गडगडो चालतो, चित्रांचे फासे उडतात, पैसे लागतात, हे सगळ्यांना ठाऊक. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना तिथे खेळायला मनाई झाली, पाहुण्यांना दार उघडं राहिलं. या सगळ्यात पैसा आहे. साकवावरच्या पोरांच्या गेममध्ये पैसा नव्हता, पबजी जिंकल्यावर पडद्यावर येणारी कोंबडीच्या जेवणाची एक ओळ होती. लोकांनी मात्र दोन्हींना एकाच काठीने हाणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा पैसे लावून खेळायचे खेळ एका बाजूला काढून त्यांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. कायदा चांगला की वाईट हे वकील सांगतील, पण हा भेद सरकारच्या कागदावर यायला एवढी वर्षं लागली. पट्टीत तो पहिल्यापासून होता: पैसे लावणारा माझ्याकडे एकटा बसलेला असतो, खेळणारा कधीच एकटा नसतो.

आता तिसरं कारण. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाले. साकवावरच्या एका मुलाने दोन वर्षं खपून मिळवलेली श्रेणी, कपडे, बंदुकांवरची नक्षी सगळं एका रात्रीत गेलं. तो रडला नाही, पण ‘आता मी खेळत होतो याला पुरावा काय?’ असं म्हणाला. पुढच्या वर्षी तोच गेम नवं नाव घेऊन आला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, २०२३ मध्ये परतला. तोवर ती टोळी पांगली होती. कुणी किनाऱ्यावरच्या हॉटेलात लागला, कुणी जहाजावर गेला, कुणी मोपाच्या विमानतळावर.

त्याच सुमारास सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा बघायला गेलो. लाखेचं लुकण दिलेले गोल पत्ते, दशावतारी संचात १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानं. चित्रकार म्हणून जीव हरखला. पण गेम खेळणारा म्हणून मला नियमांनी पकडलं. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या अर्ध्यांत उलट. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा ज्याच्याकडे त्याने. बाहेर सूर्य आहे की चंद्र यावर चाल ठरवणारा खेळ आमच्या तालुक्याला लागून असलेल्या संस्थानात खेळला जायचा! पत्ते आजही रंगवले जातात, सुंदर पेटीत घालून विकले जातात. विकत घेणारा ते भिंतीवर लावतो. तिघांनी मांडी घालून डाव मांडलेला मी तरी कुठे पाहिलेला नाही.

तिथे माझा नियम मलाच उलगडला. गेमचं चित्र जपणारे पुष्कळ आहेत. गंजिफाची पानं काचेच्या कपाटात आहेत, कॉन्ट्रा संगणकावर आजही चालतो, पबजीतल्या लढायांच्या चित्रफिती तर लाखोंनी पडून आहेत. हरवतो तो खेळणारा. रामाचा राजा हाती आल्यावर माणूस कसा खाकरायचा, पडलेलं पान शेजारच्याला दिसू नये म्हणून हात कसा आडवा धरायचा, हे कुठल्याच पेटीत आलेलं नाही. माझ्या चार चौकटींना काही काम असेल तर ते हे.

मारिओ मिरांडांकडे आता मी या नजरेने बघतो. लोटलीच्या या माणसाची चित्रं गोव्यात कपांवर, पिशव्यांवर, टाइलवर आहेत, म्हणून ती आपण बघेनासे झालो आहोत. त्यांची बाजाराची किंवा कॅफेची चित्रं निरखली तर कळतं की गर्दीतल्या कुणालाही त्यांनी गर्दी म्हणून काढलेलं नाही. मागच्या रांगेतल्या कुत्र्यालाही स्वतःचं मत आहे. साकवावर वाकलेली डोकी काढताना मी तेवढं करायचा प्रयत्न करतो.

गेमवालेही हळूहळू इकडे वळताहेत. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या गेमने २०२० साली आपली गोष्ट छायाबाहुल्यांच्या चालीवर सांगितली. गोव्यातल्याच ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’ या लहानशा स्टुडिओने २०२१ मध्ये ‘फर्गॉटन फील्ड्स’ काढला. त्यात बंदूक नाही. विकलं जाणार असलेल्या बालपणीच्या घरी शेवटचा मुक्काम करायला निघालेला एक लेखक आहे. पेडण्यात जमिनी विकल्या जाण्याच्या बातम्यांत वाढलेल्या मला तो खेळताना, हे कुणी आमच्या वाड्यावर येऊन लिहिलं की काय असं वाटलं.

पट्टी पोट भरत नाही. ते भरतात हॉटेलांचे मेन्यू, रिसॉर्टच्या भिंती आणि लग्नपत्रिका. मोपा सुरू झाल्यावर हे काम वाढलं, आणि त्यातून वाचलेल्या रात्री पट्टीला मिळतात. मध्यंतरी डिचोलीच्या एका शाळेत मुलांना चित्रपट्टी शिकवायला बोलावलं होतं. आवडता गेम काढा म्हटलं तर वर्गभर बंदुकाच बंदुका. मग म्हटलं, गेम नको, घरात जो गेम खेळतो तो काढा. एकाने जीभ बाहेर काढलेला मामा काढला. एकाने काका आणि त्यांच्या मागे झाडू घेऊन उभी काकी. एका मुलीने दादाची नुसती पाठ काढली होती: बनियन, मणका, मानेवर आलेले केस.

तोंड कुठे, म्हणून मी विचारलं.

‘सर, तो वळतच नाही,’ ती म्हणाली.

तोंडावरून सगळं कळतं असं मी वर्गात नुकतंच ठासून सांगितलं होतं, आणि हिने पाठीवरून सांगून दाखवलं. तिची परवानगी घेऊन तो दादा मी पट्टीत आणला आहे. त्याच्यासमोर घरात साखरपुडा होतो, बाळ जन्मतं, खाणी सुरू होतात, आणि तो पाठमोराच. आता वाचणारे विचारताहेत की तो वळणार कधी. मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, डेटा संपल्यावर.